दोनदा हजर

१

कागदावर सही करायला लेकीला बोलावलं होतं, आणि त्या कागदाच्या चौथ्या ओळीत तिच्या वडिलांना चोर ठरवलेलं होतं.

'चोर' हा शब्द कुठे नव्हता. ऑफिसच्या कागदात तो कधीच नसतो. 'सदर फाईल रेकॉर्डकीपर यांच्या ताब्यात असताना गहाळ झाली. संबंधित व्यक्ती मयत असल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.' शाळेत शिकवण्यात तिची बारा वर्षं गेली होती. चूक दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जायचा. आज पेन अधीक्षकांच्या हातात होतं.

"सही फक्त किल्ल्या परत केल्याची आहे," अधीक्षक म्हणाले. "वरच्या ओळीशी तुमचा संबंध नाही."

"वडील माझे आहेत. संबंध कसा नाही?"

अधीक्षकांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, नुसता घाईत होता. "हे बघा, एकोणीस वर्षांची मुलगी अपेंडिक्सच्या ऑपरेशनला आली आणि तिसऱ्या दिवशी गेली. चौकशी समिती तिचे केसपेपर मागते आहे. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला यंत्राने रॅक नंबर सात मोजला, तेव्हा दोनशे चौदा फाईली होत्या. बुधवारी सकाळी नऊला दोनशे तेरा. मध्ये त्या खोलीत कोण होतं? तुमचे वडील. पावणेसहाला ते खुर्चीतच..."

"त्यानंतर खोलीत दहा माणसं आली."

"ती अप्पांना उचलायला आली होती, फाईल उचलायला नाही." बोलल्यावर त्यांना स्वतःलाच कसंसं झालं. "माफ करा. पण यंत्र खोटं बोलत नाही हो. हा कागद आज पाच वाजता समितीकडे जाईल."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. अप्पांना जाऊन वीस दिवस.

तिने पेन उचललं नाही. "किल्ल्या पाचलाच देते," ती म्हणाली. "तोवर त्या अप्पांच्याच आहेत."

२

रेकॉर्ड रूमच्या बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. लेकीला पाहून ती अर्धवट उठली.

"तुम्ही अप्पांची मुलगी ना? नाक तेच आहे." मग हळूच म्हणाली, "माझी पोर गेली इथे. सगळे मला 'उद्या या' म्हणतात. अप्पा तसं म्हणायचे नाहीत. म्हणायचे, समितीचं पत्र येऊ दे, फाईल मी स्वतः नेऊन देतो. आता म्हणतात, त्यांनीच नेली."

"तुम्हाला खरं वाटतं?"

"खरं वाटलं असतं, तर तुमच्याशी बोलले असते का?"

आत, चाळीस हजार फाईलींच्या कोरड्या धुळीच्या वासात, टाचणी उभी होती. खरं नाव कोणाच्या ओठांवर नसलेली ही बाई वीस वर्षं अप्पांच्या हाताखाली होती. अंगाने बारीक, जिभेने तिखट, आणि सुटे कागद एकत्र ठेवण्यात पटाईत, म्हणून अप्पांनी तिला ते नाव दिलं होतं. लेकीची ती टाचणीमावशी.

"आलीस गं बाई!" टाचणीने तिला मिठी मारली. "बस. रोज येते ना मी घरी, तरी काय दशा करून घेतलीस, हाडं लागतात हाताला. घरात एकटीच ना? माझ्याकडे ये राहायला. माझी धाकटी बहीणही माझ्याकडेच आहे हल्ली. ड्युटीवर जात नाही, जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडते. लहानाची मोठी मी केली तिला, पण आता माझं ऐकेल तर शपथ." तिने डोळे पुसले. "आणि अप्पांबद्दल म्हणशील, तर त्यांना दोष नको देऊस. थकले होते गं. शेवटी शेवटी मोजताना एखादी फाईल जास्तच मोजायचे. डोळ्यांनी दगा दिला. त्यातच कोणाला तरी ती फाईल देऊन बसले असतील, आणि विसरले."

लेकीने मान हलवली. अप्पांचा खण उघडला. लाकडी टेबल, लाकडी खण. हॉस्पिटलने लोखंडी कपाट देऊ केलं तेव्हा अप्पांनी नाकारलं होतं, कारण फाईलीवर चिकटवलेला टॅग लोखंडाआड गेला, तर मोजणीच्या यंत्राला तो ऐकूच येत नाही. खणात दोन वह्या होत्या. एक मोजणीची. दुसरी तिने आधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या वहीत पानापानावर पेन्सिलने आखलेले चौकोन होते, आणि प्रत्येक चौकोनात फाटलेला टॅग गोंदाने चिकटवलेला. कागदी पट्टी, आत तांब्यासारखी वळणावळणाची रेघ.

"हे काय, मावशी?"

"त्यांचं खूळ. टॅग एकदा फाईलीवर चिकटला की सोलताना फाटतोच, तसाच बनवलेला असतो. फाटला की नवा छापायचा. पण अप्पांचा नियम असा, की फाटका आणून द्या, मग नवा घ्या. फाटका या वहीत, आणि शेजारी कारण."

लेक पानं उलटत शेवटच्या चौकोनाशी आली. तिथे अप्पांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'रॅक ७, फाईल ११८.' तारीख त्यांच्या मृत्यूच्या बरोबर एक आठवडा आधीची, मंगळवारची. चौकोन नेटका आखलेला होता, गोंदाचं बोटही फिरलेलं होतं.

चौकोन रिकामा होता. आणि एकशे अठरा हा हरवलेल्या फाईलीचाच नंबर होता.

३

यंत्राची देखभाल करणारा माणूस दर सोमवारी यायचा. आज सोमवारच होता. भुवया सतत उंचावलेल्या, गळ्यात वायरींची माळ. सगळे त्याला यंत्रवाला म्हणत.

"दुसरा टॅग कोण छापू शकतं?" तिने विचारलं.

"नियमाने अप्पाच. पासवर्ड त्यांचा." त्याने पडद्यावर दोनचार ठिकाणी टिचक्या मारल्या. मग भुवया खाली आल्या. "मॅडम, तुम्ही हे विचारलं नसतं तर बरं झालं असतं. मंगळवार, सकाळी अकरा. फाईल एकशे अठरा, दुसरी प्रत. पासवर्ड अप्पांचा."

म्हणजे हरवलेल्या फाईलीचा जुळा टॅग अप्पांनी स्वतःच्या हाताने काढला होता. वीस दिवस तिने रडू आवरलं होतं ते दुःखाचं. आता आत जे हललं ते दुसरंच काहीतरी होतं, आणि त्याचं नाव घ्यायची तिला भीती वाटली.

"मोजणी कशी होते, ते सांगा मला," ती म्हणाली. आवाज वर्गात असतो तसाच ठेवला.

यंत्रवाल्याला बोलायला विषय मिळाल्याचं बरं वाटलं. "टॅगला बॅटरी नसते. अँटेनाची लहर आली की तो जागा होतो, गेली की मेल्यासारखा गप. आता लहर आली, की रॅकमधले दोनशे चौदाही एकदम जागे होतात. सगळे एकदम ओरडले तर काय ऐकू येणार? नुसता गोंगाट. तुम्ही शाळेत हजेरी कशी घेता?"

"एकेकाचं नाव पुकारून."

"यंत्राला नावं ठाऊक नसतात, तीच तर विचारायची असतात. म्हणून ते म्हणतं, प्रत्येकाने मनातल्या मनात एक आकडा धरावा. मी एक म्हटलं की एकवाल्याने बोलायचं, दोन म्हटलं की दोनवाल्याने. दोघांनी एकच आकडा धरला तर पुन्हा टक्कर. मग टकरीत सापडलेल्यांनी पुन्हा नवे आकडे धरायचे. असं करत करत सगळे सुटे होतात. आणि ज्याचं बोलून झालं..." त्याने ओठांवर बोट ठेवलं. "त्याने फेरी संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

लेक थांबली. वर्गात गैरहजर मैत्रिणीच्या नावाने 'हजर' म्हणणाऱ्या किती पोरी तिने पकडल्या होत्या. आणि एकदा तर मैत्रीण मागच्या दाराने येऊन बसली होती, ते ठाऊक नसल्यामुळे दोघीही ओरडल्या होत्या.

"एका फेरीत एकच नंबर दोनदा बोलला तर?"

"तसं होत नाही."

"समजा झालं, तर?"

"तर यादी करताना आमचा प्रोग्रॅम जोडी काढून एकदाच धरतो. अर्धवट तुटलेल्या फेरीत कधीतरी एखादा टॅग पुन्हा बोलतो ना, म्हणून. तुमच्यासमोर येते ती गाळलेली यादी."

"मग न गाळलेली कुठे असते?"

यंत्रवाला पुन्हा पडद्याकडे वळला. "ती आजवर कोणी मागितलीच नाही, मॅडम."

४

कागद छापून निघायला वीस मिनिटं लागली. लेकीने नखाने ओळी धरत वाचायला सुरुवात केली, पेपर तपासताना वाचायची तशीच.

टॅग छापण्याच्या आदल्या दिवशी, सोमवार संध्याकाळ: एकशे अठरा, एकदा.

मंगळवार संध्याकाळ: दोनदा.

बुधवार संध्याकाळ: दोनदा.

"फेरी तुटली असेल," यंत्रवाला म्हणाला, आणि स्वतःच वाकून बघू लागला. "नाही. यंत्र दर मोजणीला पाच फेऱ्या घेतं. पाचही पूर्ण, आणि पाचही वेळा दोनदा. आईशप्पथ! या खोलीत एकाच नंबरचे दोन टॅग होते!"

गुरुवार संध्याकाळ: एकदा. शुक्रवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत: एकदा. आणि नंतरच्या बुधवारी सकाळी, समितीचं पत्र आलं तेव्हा, एकदाही नाही.

तिने मोजणीची वही ओढली. यंत्रावर अप्पांचा राग नव्हता, पण दर बुधवारी ते रॅक सात हाताने मोजायचे, एकेका फाईलीच्या पाठीला बोट लावत. त्या बुधवारची नोंद होती: 'यंत्र २१४. हाताने २१५. पुन्हा मोजल्या. २१५.' पुढे प्रश्नचिन्ह. शुक्रवारी, मोजणीचा दिवस नसताना, आणखी एक नोंद: 'हाताने २१४.' आणि त्यापुढे दोन प्रश्नचिन्हं.

ती बुधवारची संध्याकाळ तिला लख्ख आठवली. अप्पा चपला न काढताच खुर्चीत बसले होते. "डोळे गेले वाटतं गं. आज एक फाईल जास्त मोजली, तीही दोनदा. ऑफिसात कोणाकडे बोलू नकोस हं, म्हातारा झाला म्हणतील." ती हट्टाला पेटली होती. सात वर्षांत पहिल्यांदा तिने त्यांना रजा घ्यायला लावली आणि गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "काका, पाठीचं सांगत नाही, पण नजर तिशीतल्या पोराची आहे." ती खुशीत होती. अप्पा मात्र घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आता कळलं, का ते. डोळे शाबूत होते, म्हणजे फाईल खरोखरच जास्त होती.

फाईल मंगळवारी हरवलेली नव्हती. ती गुरुवारी गप्प करण्यात आली होती, आणि मागे उरलेला जुळा टॅग सहा दिवस तिच्या नावाने हजेरी देत होता. गुरुवारी अप्पा इथे नव्हते. ते तिच्याजवळ होते, कारण तिनेच त्यांना या खोलीतून बाहेर काढलं होतं.

५

मोठे डॉक्टर जिन्यात भेटले. मेलेल्या मुलीचं ऑपरेशन त्यांनी केलं होतं, आणि फाईल गायब झाल्याचा सगळ्यांत जास्त फायदा त्यांनाच, असं हॉस्पिटलभर बोललं जात होतं.

"फायदा?" ते खेकसले. "त्या फाईलीत माझ्या हातची सूचना आहे, औषध अर्धं द्या म्हणून. दिलं गेलं पूर्ण. फाईल सापडली तर मी सुटतो, बाई! गुरुवारी मी स्वतः बघायला गेलो होतो. तुमची ती टाचणी दारातूनच म्हणाली, अप्पा रजेवर आहेत, त्यांच्याशिवाय फाईल निघत नाही."

"आणि औषध दिलं कोणी?"

"रात्री तीन सिस्टर होत्या. एकीची सही असणार फाईलीत. तिघीही म्हणतात, मी नाही."

ती जिन्यातच कठड्याला टेकली. फळा स्वच्छ पुसून गणित पुन्हा मांडावं, तसं तिने सगळं मांडलं.

अप्पा नव्हेत. गुरुवारी ते तिच्यासोबत होते. आणि फाईल पळवणारा माणूस स्वतःच्या वहीत रिकामा चौकोन आखून ठेवत नाही. त्यांनी टॅग छापला होता, कोणाच्या तरी शब्दावर. आयुष्यात एकदा त्यांनी फाटका हातात येण्याआधी नवा दिला होता, आणि वाट पाहत गोंद लावून ठेवला होता.

यंत्रवाला नव्हे. ज्याला यादीच बदलता येते, त्याला जुळा टॅग कशाला हवा? आणि न गाळलेली यादी त्याने मागताक्षणी काढून दिली. डॉक्टर नव्हेत. त्यांना फाईल हवी होती.

मग कोणाच्या शब्दावर अप्पा आपला नियम मोडतील?

तेव्हा तिला सकाळचं वाक्य ऐकू आलं, मघाशी कानावरून नुसतं गेलेलं. *मोजताना एखादी फाईल जास्तच मोजायचे.*

ते अप्पांनी फक्त तिला सांगितलं होतं. कोणाकडे बोलू नकोस म्हणाले होते. मग डोळे तपासून आल्यावर त्यांनी ते आणखी एकाच माणसाला सांगितलं असणार. ज्याला त्याबद्दल विचारायचं होतं, त्याला.

या सगळ्या माणसांत एकच जण तिच्या घरी रोज आलं होतं, पहिल्या दिवसापासून.

६

चार वाजून दहा मिनिटं. टाचणी नवे टॅग कापत बसली होती.

"मावशी, धाकटी कोणत्या वॉर्डात सिस्टर आहे?"

कात्री थांबली.

"अप्पांनी तुला दोनशे पंधराबद्दल कधी विचारलं?" लेकीने वही उघडून रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. "मंगळवारीच ना? साडेपाचनंतर?"

टाचणीने वाद घातला नाही. आधी वाटलं ती रडेल. पण तिने कात्री मिटली, कातरण एका बाजूला केलं, टेबल हाताने पुसलं.

"त्यांनी वही अशीच ठेवली होती माझ्यापुढे," ती म्हणाली. "रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं गं. म्हणाले, 'हा चौकोन आठ दिवस रिकामा आहे. आणि मी डोळे तपासून आलोय.' मग म्हणाले, 'उद्या नऊच्या मोजणीआधी फाईल जागेवर ठेव. का नेलीस ते मी विचारणार नाही.' एवढं बोलले आणि टेबल घट्ट धरलं."

"मग?"

"मग मी सगळं केलं. हाका मारल्या, छाती दाबली, ओरडत बाहेर धावले. देवाशपथ सगळं केलं. त्यांना नेलं आणि मी एकटी उरले." तिने कातरणाचा एक तुकडा उचलून पुन्हा ठेवला. "रॅकमध्ये एक रिकामं कव्हर होतं, जुना फाटला असं खोटं सांगून घेतलेला नवा टॅग लावलेलं. 'टॅग लागलीच लाव, माझ्यासमोर,' म्हणाले होते अप्पा. त्यांची पाठ वळली तेव्हा मी तो कोऱ्या कव्हरवर लावला आणि रॅकमध्ये सरकवून दिला. ते असेपर्यंत खऱ्या फाईलीला हात लावायची छाती झाली नाही. मग गुरुवारी ते आले नाहीत, तेव्हा खरी फाईल काढली आणि तिचा टॅग सोलला. आणि मंगळवारी ते कव्हर मी फाडून टाकलं."

"त्यांच्या नावावर जावं म्हणून."

"धाकटीला बारा तासांची ड्युटी झाली होती गं त्या रात्री. अर्धं लिहिलेलं दिसलंच नाही तिला. पोर आहे ती. मी म्हटलं मनाशी, गेलेल्या माणसाला काय लागतं?"

"मला लागलं," लेक म्हणाली.

तिने वही मिटली.

"फाईल कुठे आहे?"

टाचणी उठली. रद्दीत जाणाऱ्या गठ्ठ्यांमागून, खाली वाकून, तिने एक फाईल ओढून काढली. टॅग नसलेली. चाळीस हजारांत ती यंत्रापुरती मेलेलीच होती. "फाडायला घेतली होती. दोनदा. पण वीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. कागद फाडवेना." तिने कव्हर उघडलं. आत एका पाकिटात टॅगचे दोन तुकडे नीट जपून ठेवले होते.

"अधीक्षकांना तू सांगतेस, की मी सांगू?"

"तू माझी बाजू..."

"नाही, मावशी." लेकीचा आवाज चढला नाही. "धाकटीच्या बारा तासांचं जरूर सांग. ते समितीला कळायलाच हवं. पण तोंड तुझं असू दे."

बाहेर बाकावरची बाई फाईल पाहून उठून उभी राहिली. पिशवी मांडीवरून घरंगळली. टाचणी तिच्यासमोर थांबली. तिने वळून लेकीकडे पाहिलं, जशी वीस वर्षं प्रत्येक अडचणीत अप्पांकडे पाहत आली होती. लेकीने नुसती त्या बाईकडे मान वळवली.

"तुमच्या मुलीची आहे," शेवटी टाचणी म्हणाली. "मी लपवली होती. अप्पांनी नाही."

बाईने फाईल घेतली नाही. नुसता तिच्यावर तळहात ठेवला, कपाळावर ताप पाहावा तसा. मग म्हणाली, "चला. मीही येते आत."

पाच वाजायला दहा मिनिटं असताना अधीक्षकांनी चौथी ओळ खोडली. खोडून भागत नाही, असं लेक म्हणाली. मग त्यांनी कागदच फाडला आणि नवा टाईप करायला घेतला. पाच वाजता आलेल्या समितीच्या माणसाने फाईल पाहून पानांवर शिक्के मारले, झेरॉक्स नेल्या. मूळ फाईल निकालापर्यंत सीलबंद होऊन रेकॉर्ड रूममध्येच राहणार होती.

लेकीने ती स्वतः रॅक सातमध्ये ठेवली, एकशे सतरा आणि एकशे एकोणीसच्या मध्ये. साडेपाचला यंत्राने आपली फेरी घेतली.

"दोनशे तेरा," यंत्रवाला म्हणाला. "टॅग फाटलाय ना, मॅडम. नवा छापतो, म्हणजे जुळेल."

"थांबा जरा. आधी फाटका."

ती अप्पांच्या खुर्चीत बसली. गोंदाची बाटली अर्धी सुकली होती. टोचून टोचून थोडा काढला. टॅगचे दोन्ही तुकडे शेजारी शेजारी लावून तिने रिकाम्या चौकोनात बसवले, अंगठ्याने दाबून धरले. कारणाच्या जागी काय लिहावं ते तिला सुचेना. मग तिने लिहिलं: 'फाटका टॅग मिळाला.'

मग ती उठली आणि रॅकच्या पहिल्या फाईलीपासून, एकेका पाठीला बोट लावत मोजत गेली. यंत्रवाला भुवया उंचावून पाहत राहिला. शेवटच्या फाईलीपर्यंत पोचायला तिला तेरा मिनिटं लागली.

मोजणीच्या वहीत, अप्पांच्या दोन प्रश्नचिन्हांच्या खाली, तिने तारीख घातली. 'यंत्र २१३. हाताने २१४.' पुढे चिन्ह काही घातलं नाही. आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या.